कॉर्डलेस इम्पॅक्ट रेंच: मकिता, बॉश की डीवॉल्ट? (छोट्या गॅरेजसाठी)

गंजका_नट (चिपळूण), ११ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. हायवेला लागून माझं छोटं गॅरेज आहे, दोन गाड्या उभ्या राहतील एवढंच. मी आणि एक पोरगा. इतकी वर्षं कॉम्प्रेसरच्या हवेवर ठोके मारून नट फिरवणारी अर्धा इंची गन (अर्धा इंच म्हणजे गोटी, म्हणजे सॉकेट, बसते त्या चौकोनाचं माप) आणि टॉमी, म्हणजे हाताने फिरवायचा दांडा, यांवर भागत आलं. पण पाऊस सुरू झाला की लाइटचा भरवसा नाही. लाइट गेली की टाकीतली हवा दीड-दोन चाकांत संपते आणि पुढे मनगट. शिवाय परशुराम घाटात गाडी अडकली म्हणून कोणी बोलावलं तर कॉम्प्रेसर काय डोक्यावरून नेऊ?

तर आता बॅटरीवरची गन घ्यायची आहे. तीन नावं काढलीत: मकिता डीटीडब्ल्यू ३००, बॉश जीडीएस १८व्ही-४०० आणि डीवॉल्ट डीसीएफ ९२२. तिन्ही अर्धा इंची. टॉर्कचे, म्हणजे पिळण्याच्या जोराचे आकडे (न्यूटन मीटरमध्ये) पाहिले तर मकिता ३३०, बॉश ४००, डीवॉल्ट ४०६. म्हणजे मकिता सगळ्यांत कच्ची समजायची का? आणि दुकानदार या तिघांना सोडून चौथंच काहीतरी गळ्यात मारतोय, साडेचार हजारांत, बॅटरीवर ८८ व्होल्ट लिहिलेलं. बजेट पंचवीस हजारांपर्यंत. अनुभवी लोकांनी सांगावं.

पाना_मास्तर (कोल्हापूर), ११ जून, रात्री ११:१५

आकड्यांत फसू नका. टॉर्कचे दोन आकडे असतात, एक आवळायचा आणि एक सोडवायचा. सोडवायचा नेहमी मोठा. मकिता ३३० सांगते तो आवळण्याचा, सोडवायचा ५८० आहे. डीवॉल्टचा ४०६ पण आवळण्याचाच, सोडवायचा ६१०. म्हणजे ३३० आणि ४०६ यांत जेवढा फरक वाटतो तेवढा ५८० आणि ६१० मध्ये उरत नाही. गॅरेजवाल्याला गन लागते ती सोडवायला. आवळायला ती फक्त नट बसवण्यापुरती. काही कंपन्या खोक्यावर सोडवण्याचाच आकडा ठळक छापतात, मग गिऱ्हाइकाला वाटतं हीच पहिलवान.

तुम्ही खोलणार काय ते आधी लिहा. छोट्या गाड्यांचे चाकाचे नट कंपनी साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरला आवळायला सांगते. इनोव्हाचा १०३ आहे. त्यात कोकणातला गंज धरला, आधीच्या पंक्चरवाल्याने पाइप लावून अंगावर उभं राहून आवळलेला धरला, तरी दुप्पट-अडीचपट. ड्राइव्ह शाफ्टचा नट मूळचाच २०० च्या आसपास असतो. यातलं बहुतेक काम तुमच्या तिन्ही गन करतील. ट्रकची चाकं खोलायची असतील तर मात्र या तिन्ही विसरा. तिथे सहाशेच्या आसपास आवळलेलं असतं, पाऊण इंची किंवा एक इंचीच हवी.

टॉमी_आणि_पाइप, ११ जून, रात्री ११:३१

पंचवीस हजार? 😄 आमच्या काळी एक मीटरचा पाइप आणि एक धडधाकट पोरगा. ७५ किलोचा माणूस त्याच्या टोकावर उभा राहिला की सातशेच्या वर न्यूटन मीटर होतात, तेही बॅटरीशिवाय. चार्जिंग म्हणजे दोन वडापाव.

पाना_मास्तर, ११ जून, रात्री ११:३८

काका, हिशेब बरोबर आहे. स्टड (नट बसतो तो बोल्ट) तुटला की मग त्याच पोराला शोधत फिरायचं.

अमेय_बावधन, १२ जून, सकाळी ८:०५

८८ व्होल्टवाल्याबद्दल सांगतो, कारण मी तो घेतला होता आणि हौसेने उघडलाही होता. आत दहा सेल होते, पाच-पाचच्या दोन ओळी. लिथियम सेल म्हणजे ३.६ व्होल्ट. पाच जोडले की १८. पूर्ण भरला की सेल ४.२ ला जातो, म्हणजे २१. डीवॉल्ट अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स लिहिते तेही हेच, भरलेल्या सेलचा ४ धरून. म्हणजे १८, २० आणि २१ हे तिन्ही एकच. ८८, ९८, १२८ हे आकडे म्हणजे निव्वळ स्टिकर. खरे ८८ व्होल्ट हवे तर चोवीस-पंचवीस सेल एकापुढे एक लावावे लागतील, बॅटरी विटेएवढी होईल.

तरी खोटं बोलणार नाही, माझ्या स्विफ्टचे नट त्याने सहज सुटतात. वर्षातून चार वेळा चाक काढणाऱ्याला ती गन पुरते. तुम्हाला रोज वीस चाकं. बॅटरी लवकर मरेल.

अजून एक. या स्वस्त गनच्या बॅटऱ्या बहुतेक मकिताच्या खाचेच्या असतात, म्हणून लोक उलटं करतात: मकिताची चांगली बॅटरी स्वस्त गनला लावतात. खऱ्या मकिताच्या गनमध्ये बॅटरी सरकवायच्या जागी एक छोटा पिवळा कनेक्टर दिसेल. बॅटरी रिकामी झाली, तापली की ती त्यातून मशिनला थांब म्हणते. स्वस्त गनमध्ये तो कनेक्टरच नसतो. मशिन ओढत राहतं, सेल पार खाली जातात आणि मग चार्जर ती बॅटरी घेतच नाही. माझी एक अशीच गेली.

सौरऊर्जा_ताई (सातारा), १२ जून, दुपारी १:२०

आमचं काम वेगळं आहे, सोलरचं स्ट्रक्चर उभारतो. पण दोन टीमकडे मिळून सात गन आहेत, म्हणून लिहिते.

आमच्याकडे आधी दोन ब्रँड होते. एका टीमकडे निळे, दुसरीकडे पिवळे. एकदा फलटणजवळ साइटवर संध्याकाळी एका टीमच्या सगळ्या बॅटऱ्या संपल्या, शेजारच्या टीमकडे चार भरलेल्या पडून होत्या आणि एकही बसेना. त्या दिवशी ठरवलं, घरात एकच खाच. गन तुलनेने स्वस्त असते हो, पैसे बॅटरीत आणि चार्जरमध्ये जातात. म्हणून गन कोणती विचारण्याआधी तुमच्याकडे आधीचं काय आहे ते सांगा. ड्रिल, ग्राइंडर, काहीही.

दुसरं, गंजलेल्या नटांचं मला माहीत नाही, पण स्टेनलेसचे नट-बोल्ट असतील तर गन जपून. आमचा एक नवा मुलगा फुल स्पीडवर एसएसचे नट चढवत होता. वेगाने फिरले की आटे तापतात आणि एकमेकांत वेल्डिंग केल्यासारखे चिकटतात. मग ना पुढे ना मागे, ग्राइंडरने कापायचे. एका दुपारी एकोणतीस बोल्ट कापले. आता आट्यांना अँटी-सीझ (चिकटू नयेत म्हणूनचं वंगण) लावतो आणि गन सगळ्यांत खालच्या स्टेपवर.

गंजका_नट, १२ जून, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. ट्रक करत नाही. बोलेरो, पिकअप, एर्टिगा, स्विफ्ट, रिक्षा हेच. अर्धी कामं खालच्या अंगाची: लोअर आर्म, शॉकअप्सॉर्बर, सायलेन्सरचे बोल्ट. किनाऱ्याकडच्या गाड्या येतात, गुहागर-दापोलीच्या. त्यांचे नट नट राहिलेले नसतात, शेंगदाण्यासारखे झालेले असतात.

ताई, आधीचं म्हणाल तर बॉशची १८ व्होल्टची ड्रिल आहे, निळी. दोन बॅटऱ्या आणि चार्जर. तीन वर्षं झाली, चालू आहे.

पाना_मास्तर, १२ जून, रात्री ९:५८

अहो मग हे पहिल्या ओळीत लिहायचं ना!! दोन दिवस आम्ही इथे टॉर्कवर कीर्तन करतोय.

सौरऊर्जा_ताई, १२ जून, रात्री १०:०३

😀 बॅटरी किती अँपिअर तासाची आहे ते बघून सांगा.

गंजका_नट, १२ जून, रात्री १०:११

दोन्हीवर २.० लिहिलंय.

अमेय_बावधन, १२ जून, रात्री १०:४०

खाच जुळेल, निळ्यातली कोणतीही १८ व्होल्टची चालते. (बॉशचीच हिरवी रेंज वेगळी, ती यात बसत नाही, ऑनलाइन घेताना लोक तिथे फसतात.) पण २.० वर गन अर्धपोटी चालेल. त्यात फक्त पाच सेल असतात, एकच ओळ. इम्पॅक्टला एकदम मोठा करंट लागतो, तो पाच बारीक सेलमधून ओढला की व्होल्टेज बसतं आणि गनच्या आतली ठोके मारणारी हातोडी ढिली पडते. एक तर दहा सेलची ५.० घ्या, नाहीतर बॉशचीच प्रोकोअर ४.०. त्यातही पाचच सेल आहेत, पण जाड, २१७०० मापाचे. वजन कमी आणि करंट भरपूर. गन रिकामी घ्या, चार्जर तुमच्याकडे आहेच. पैसे वाचतील.

जर्सीकर (न्यू जर्सी), १३ जून, सकाळी ६:१५

मी ऑगस्टमध्ये येतोय, इकडे डीवॉल्ट आणि मिलवॉकी सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळतात. मागच्या खेपेला भावाला एक आणली होती, त्यातून शिकलो ते सांगतो. गन चेक-इनमध्ये जाते. सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या मात्र हँडबॅगेतच. १०० वॅट-अवरपर्यंत प्रश्न नाही, त्यावर १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी लागते. १८ गुणिले ५ म्हणजे ९०, चालतं. ६ अँपिअर तासाची १०८ होते, तिथे काउंटरवर खोळंबा. बॅटरीवर छापलेला आकडा बघून घ्या.

आणि चार्जर इकडचा १२० व्होल्टचा असतो. भावाने थेट लावला. फट् आवाज, धूर, आणि वहिनी अजून मला ऐकवते.

टॉमी_आणि_पाइप, १३ जून, सकाळी ७:०२

म्हणजे निम्म्या किमतीची गन आणि दुप्पट किमतीचा चार्जर.

जर्सीकर, १३ जून, सकाळी ७:१०

अगदी तसंच झालं काका. वॉरंटीही इकडचीच, तिकडे कोणी हात लावत नाही.

शेड_उभारणारा (इस्लामपूर), १३ जून, दुपारी ३:३०

माझा मुद्दा सर्व्हिसचा. ब्रँडचं नाव घेत नाही, सगळे थोड्याफार फरकाने सारखेच. माझी गन वॉरंटीत बंद पडली, ट्रिगर गेला होता. जवळच्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला दिली. पार्ट मागवलाय, पार्ट मागवलाय, असं करत सात आठवडे. गन नवी, मी मात्र सात आठवडे भाड्याच्या गनवर. तेव्हापासून खरेदीआधी मी दुकानात एकच विचारतो, ट्रिगर आणि एनव्हिल (गोटी अडकवायचा पुढचा चौकोन) स्टॉकला आहेत का, दाखवा. दाखवले तर घेतो.

चिपळूणवाल्यांनी रत्नागिरी किंवा कोल्हापूरला कोणाचं सेंटर खरंच चालू आहे ते फोन करून बघावं. वेबसाइटवर पत्ता असतो, जागेवर मोबाइल रिचार्जचं दुकान निघतं.

गंजका_नट, १४ जून, रात्री ८:२५

आज सुट्टी काढून दुकानात गेलो. माझीच २.० ची बॅटरी खिशात घालून नेली होती. दुकानदाराला म्हटलं, टेबलावर भुर्र करून दाखवू नका, बाहेर माझी बोलेरो उभी आहे, तिच्या मागच्या चाकाचा नट सोडवून दाखवा. तो मालक चांगला निघाला, तयार झाला.

अमेय म्हणाला तसंच झालं. २.० वर गन ठक-ठक-ठक करत राहिली, पाच नटांपैकी तीन सुटले, दोन हलेनात. त्यानेच मग डेमोची ४.० प्रोकोअर लावली. आवाजच बदलला. पहिल्यांदा ठक-ठक होतं ते आता तर्रर्र. दोन्ही नट तीन-चार सेकंदांत बाहेर. गन तीच, बॅटरी वेगळी. हे मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर पटलं नसतं.

तिथेच मकिताही हातात घेऊन बघितली. मुठीला बारीक, हाताला छान बसते. हात माझे लहान आहेत, मला तीच आवडली खरं तर. आता गोंधळ.

पाना_मास्तर, १४ जून, रात्री ८:५२

मकिता चांगलीच आहे, मी स्वतः तीच वापरतो. पण तुम्हाला तिच्यासोबत चार्जर आणि दोन बॅटऱ्या नव्याने घ्याव्या लागतील, आणि ड्रिलच्या बॅटऱ्या वेगळ्या सांभाळाव्या लागतील. मुठीसाठी एवढे पैसे मोजायचे का ते तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर वाचलेल्या पैशांतून दोन वस्तू घेतल्या असत्या.

एक, काळ्या गोट्यांचा सेट. चकचकीत क्रोमच्या गोट्या गनला लावू नका. त्या हाताने फिरवायच्या. हातोडीचे ठोके बसले की त्या ताणत नाहीत, फुटतात. आमच्याकडे एका पोराने १७ ची चकचकीत गोटी गनला लावली होती, अर्ध्या बांगडीएवढा तुकडा उडून पत्र्याच्या दाराला खोक पाडून गेला. दारात कोणी नव्हतं म्हणून बरं. काळ्या इम्पॅक्टच्या गोट्या क्रोम-मॉलीच्या (चिवट पोलादाच्या) असतात, भिंत जाड. मारुतीला १९, ह्युंदाईला २१, दोन्ही खोल मापाच्या घ्या, स्टडची लांबी आत मावते.

दोन, टॉर्क पाना. गनने चाक आवळून गिऱ्हाइकाला देऊ नका हो, हात जोडून सांगतो. १०० ला आवळायचा नट ही गन दोन सेकंदांत तीनशेला नेते. पुढच्या वेळी तोच नट रस्त्यावर, पावसात, त्या बिचाऱ्या माणसाच्या हातातल्या एल-पान्याने सुटत नाही. आधी तीन-चार आटे हाताने चढवायचे, मग गन खालच्या स्टेपवर नुसती टेकेपर्यंत, समोरासमोरचे नट घेत. शेवट टॉर्क पान्याने, गाडी जॅकवरून उतरवून. पन्नासेक किलोमीटरनंतर एकदा परत बघायला सांगायचं.

सौरऊर्जा_ताई, १४ जून, रात्री ९:३०

मास्तरांना हजार वेळा अनुमोदन. माझ्या गाडीचा नट असाच सुटला नव्हता, खंबाटकीत रात्री साडेदहाला. मी एल-पान्यावर उभी राहून उड्या मारत होते.

टॉमी_आणि_पाइप, १४ जून, रात्री ९:४४

ताई, वजन कमी पडलं. ६० किलो आणि अर्ध्या मीटरचा पाना, तीनशेच होतात.

सौरऊर्जा_ताई, १४ जून, रात्री ९:४६

काका, माझं वजन कोणी सांगितलं तुम्हाला? 😠

शेड_उभारणारा, १५ जून, सकाळी ९:१२

एक छोटी गोष्ट राहिली. गोटी अडकवायच्या चौकोनावर दोन प्रकार येतात. एकात स्प्रिंगची रिंग असते, गोटी ओढली की निघते. दुसऱ्यात पिन असते, ती दाबल्याशिवाय निघत नाही. डीसीएफ ९२२ पिनवाली आहे, तिची बहीण ९२१ रिंगवाली. आम्ही पत्र्यावर उंच काम करतो, गोटी खाली कोणाच्या डोक्यात पडू नये म्हणून पिनच हवी. गॅरेजात दर दोन मिनिटांनी गोटी बदलता, तिथे रिंग बरी. पिन तेलकट बोटांनी दाबताना शिव्याच येतात तोंडात.

आणि एक्स्टेन्शन शक्यतो टाळा. लांब दांडा लावला की ठोक्याचा जोर दांडा पिळण्यातच जातो. नट सुटत नाही आणि दोष गनला.

गंजका_नट, २१ जुलै, रात्री ११:०५

उशिरा कळवतोय, माफी असावी. बॉश जीडीएस १८व्ही-४०० रिकामी घेतली, सोबत ४.० प्रोकोअर. रत्नागिरीच्या माणसाशी फोनवर बोललो, त्याने पार्टचा फोटो पाठवला, म्हणून घेतली. उरलेल्या पैशांत काळ्या गोट्या आणि टॉर्क पाना. पोरगा टॉर्क पान्याची कट् ऐकायला इतका खूश असतो की रिक्षाचे नटही त्यानेच आवळतो.

महिना झाला. रोज पंधरा-वीस चाकं निघतात. ४.० दिवसभर पुरते, दुपारी जेवताना एकदा चार्जिंगला लावतो. गरम असताना लावत नाही, आधी पंख्याखाली ठेवतो. जुन्या २.० ड्रिलला परत गेल्या. मूठ जाड आहे ती आहेच, आठवडाभर मनगट दुखलं, आता सवय झाली.

गेल्या गुरुवारी परशुराम घाटात एर्टिगा बंद पडली होती, पुढचं टायर फाटलेलं, धो-धो पाऊस. गाडीत आजी, दोन लहान मुलं. पिशवीतून गन काढली, चार नट सुटले. पाचवा सुटेना. तेल मारलं, थांबलो, पुढे-मागे-पुढे-मागे केलं, बॅटरीची एक काडी गेली, नट ढिम्म. शेवटी काय केलं असेल सांगा.

टॉमी_आणि_पाइप, २१ जुलै, रात्री ११:०९

बोला बोला 😄

गंजका_नट, २१ जुलै, रात्री ११:१४

पाइप. आणि पोरगा ५२ किलोचा, म्हणून मीच चढलो. कर्र करून सुटला. आट्यांवर कोणीतरी निळा रंग ओतला होता, आधीच्या गॅरेजवाल्याने खूण म्हणून.

काका, पाइप गाडीतच ठेवलाय आता.

अमेय_बावधन, २२ जुलै, सकाळी ८:३०

मस्त. ती जुनी एअर गन आणि कॉम्प्रेसर विकणार असाल तर सांगा, माझा एक मित्र बघतोय.

गंजका_नट, २२ जुलै, सकाळी ८:४१

गन घेऊन जा. कॉम्प्रेसर नाही देणार, टायरात हवा काय बॅटरीने भरू?

अमेय_बावधन, २२ जुलै, सकाळी ८:४३

तसंही मशिन येतं बरं का, तुमच्याच बॅटरीवर…

गंजका_नट, २२ जुलै, सकाळी ८:४४

नवीन धागा काढा.